वर्गणीची तारीख

सालवड, बोईसर
५ मे २०२५

हंसाताई,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला की एकच टिक येऊन थांबते, म्हणजे तू मला बंद करून टाकलंयस. म्हणून कागद घेतला. धर्मेश वर्गाची गाडी घेऊन दांडीकडे निघालाय, त्याच्याकडे देते. तो म्हणतो, "ताई, हंसाताईने फेकून दिलं तर मला बोलू नका." म्हटलं, फेकू दे, पण वाचून फेक म्हणावं.

माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. एप्रिलच्या सभेत जे ठरलं ते बरोबरच ठरलं, असं मला आजही वाटतं. आपल्या मुलांना ऐकू येत नाही. त्यांना बोलायला शिकवणारा वर्ग आपण पालकांनी उभा केला, शाळेने फक्त दुपारची खोली दिली. बाईंचा पगार आपला, गाडीचं भाडं आपलं. पैसे मात्र शाळेच्या खात्यात ठेवले, कारण आपलं म्हणून खातंच नव्हतं. त्यातून शाळेचं नवं गेट झालं आणि मैदानात फरशा बसल्या. आपण दोघी विचारायला गेलो तेव्हा चेअरमन काय म्हणाले? "पुढच्या वर्षी ॲडजस्ट करू. गेटातून तुमचीच मुलं आत येतात ना?" बाहेर आल्यावर त्या गेटाला लाथ मी नाही मारली. तू मारलीस.

आणि तीच तू, मंडळ शाळेपासून वेगळं करू, स्वतःचं खातं उघडू म्हटल्यावर उलटलीस. "शाळेचं नाव हाय म्हनून आपल्याला कोन तरी वलकतं. उद्या आपल्या नावावर कोन उभं करनार?" तेवढ्यात वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मंगलाने नियम वाचला. दर महिन्याच्या पाच तारखेला वर्गणी, दोन महिने चुकले तर मुलाची जागा दुसऱ्याला. तू उठलीस. तुझ्यामागे किनाऱ्याकडच्या, दांडी-नवापूरच्या सगळ्या बायका उठल्या. मी मतदान थांबवलं नाही, याचा तुला राग आहे. पण त्या दिवशी थांबवलं असतं तर ते पुन्हा झालं नसतं, ताई. आपल्या सभा तुला माहीत आहेत.

मी कराडकडची, इथे कुणाची कोण नव्हते. माझ्या ज्ञानूच्या कानांच्या तपासणीला मुंबईच्या दवाखान्यात रांगेत बसले होते, तेव्हा मांडीवर दिपेशला घेतलेली तू शेजारी होतीस. डबा पुढे करून म्हणालीस, "खा, रडायला ताकद लागते." तेव्हापासून आपण एकमेकींशी बोललो नाही असा आठवडा गेला नव्हता. आता महिना होत आला.

जूनमध्ये वर्ग नव्या जागेत सुरू करणार आहे. वैभवी टीचर आहेतच, त्यांची काळजी नको. दिपेशची जागा मी कुणाला दिलेली नाही.

तुझी,
हेमांगी


२३ मे

हंसाताई,

धर्मेशने तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला, तुझा आवाज काढून. "विचार तिला, पाच तारखेला भरायचे ते जून-जुलैमदी कशातून भरायचे? बोटी वर ओढल्या का घरात पैसा येतो का? का तिच्या कॅलेंडरात पावसाला नाय?" वर सुकटीची पिशवी दिलीस, आणि ती माझ्यासाठी नाही, ज्ञानूसाठी, हेही सांगायला लावलंस. ज्ञानूला सुकट आवडत नाही, तुला माहीत आहे. मीच खाल्ली.

तुझा प्रश्न खोटा नाही. पण माझाही ऐक. बाईंना घरभाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं. डिझेल उधारीवर मिळत नाही. खर्चाला तारीख आहे म्हणून वर्गणीला तारीख लावली. शाळेच्या खात्यातून चालत होतं तेव्हा आपल्याला ही तारीख दिसत नव्हती, एवढंच. तिथे कमी पडलं तर कुठून तरी भागायचं आणि उरलं तर कुठे तरी जायचं. "कुठे तरी" म्हणजे कुठे, ते आता कळलं.

कामं पुढे सरकत आहेत. पालघरला नोंदणीसाठी तीन खेपा झाल्या. जुन्या नावात शाळेचं नाव होतं, ते टाकावं लागलं. आता 'साद पालक मंडळ'. नाव मंगलाने सुचवलं. सात जणांच्या सह्या लागतात, त्या झाल्या. त्यातला एकही किनाऱ्याकडचा नाही, हे अर्ज देताना मला टोचलं.

बँकेत खातं उघडलं. एकट्याच्या सहीने पैसे काढायचे नाहीत, तिघांची नावं द्यायची आणि कुठल्याही दोघांच्या सह्या असल्या तरच चेक वटायचा, अशी पद्धत लावून घेतली. माझं नाव आहे, मंगलाचं आहे. तिसरी जागा मी रिकामी ठेवली. मंगलाने विचारलं, "कुणासाठी?" मी फॉर्मचं पान उलटलं.

खोली सालवडलाच मिळाली, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची. मालक यादवजी म्हणाले, "बच्चों का काम है, डिपॉझिट बाद में दे देना. लेकिन किराया टाइम पे." बघ, त्यांच्याकडेही तारीख आहे.

हेमांगी


२० जून

हंसाताई,

सोमवारी वर्ग सुरू झाला. भिंती आम्ही बायकांनीच रंगवल्या. पीठ काही केल्या जात नाही, पंखा लावला की अजून भुरभुरतं. मुलं कमी आहेत. अर्धी गाडी रिकामी येते आणि भाडं मात्र पूर्ण लागतं.

परवा मी दांडीला येऊन गेले, हे तुला कळलंच असेल. तू घरात होतीस. मागच्या दाराशी तुझी चप्पल होती, ती मी ओळखते. तुझ्या सासूबाई ओटीवर जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये. हंसा बाजारात गेली." खोटं बोलायची त्यांना सवय नाही, मान खाली घालून बोलल्या. चहा दिला. मग मला म्हणाल्या,

"तुज्या नवऱ्याचा पगार तारखेला येतो. आमच्याकडं दर्या देल तवा येतो. मग आमची पोरं तुज्या तारखेत कशी बसनार?"

मी म्हटलं, "साखरबाई, तुमची बोट चालवणाऱ्या तांडेलाला तुम्ही म्हणता का, दर्याने दिलं तर देऊ, नाही तर नाही?"

त्या हसल्या. "त्याला आमी आधी उचल देतो. हंगाम संपला का फेडून घेतो. दोघं मिलून ठरवतो. आमाला येऊन कोनी इचारलं व्हतं का?"

मी चहा संपवून उठले. वाटेत वर ओढलेल्या बोटी बघितल्या, प्लॅस्टिकने झाकलेल्या. नऊ वर्षं इथे राहते, पण त्या अशा ओळीने निजलेल्या असतात तेव्हा घरात चूल कशावर चालते, हा विचार मी कधी केला नव्हता. म्हणून तू मतदानातून उठून गेलीस ते बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. बसून भांडायला हवं होतंस.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. मेच्या पत्रात लिहिलं होतं की वैभवी टीचर आहेतच. तेव्हाच त्यांना वापीच्या एका मोठ्या शाळेचं बोलावणं आलं होतं, पगार जवळजवळ दुप्पट. तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, शाळेचं नाव गेलं आणि बाई निघाल्या. म्हणून लिहिलं नाही. त्या अजून आहेत. म्हणाल्या, "हेमांगीताई, मला पगार कमी चालेल, पण आज आहे उद्या नाही, हे चालणार नाही. गणपतीपर्यंत थांबते. तोवर मला दिसू दे की हे मंडळ उभं राहतंय."

दिपेशला पाठव. पैशाचं नंतर बघू, असं लिहायला हात शिवशिवतोय. पण तसं लिहिणार नाही. 'नंतर बघू' यातूनच ते गेट उभं राहिलं. पैशाचं आताच बघायचं आहे, पण तुझ्याबरोबर.

हेमांगी


१४ जुलै

हंसाताई,

कैलासची कंपनी काही दिवस बंद आहे. देखभालीचं काम.

हे वाक्य मी घरमालकाला सांगितलं, आईला फोनवर सांगितलं, आता तुलाही लिहून बसले. खरं असं आहे. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीत वायू गळला. कुणाला इजा झाली नाही, पण बंदीची नोटीस लागली. वीज तोडली, गेटला कुलूप. कायम कामगारांनाही जूनचा अर्धाच पगार मिळाला, जुलैचं कुणी बोलत नाही. कैलास सकाळी डबा घेऊन निघतो, गेटासमोर इतरांबरोबर बसतो आणि संध्याकाळी डबा तिथेच खाऊन येतो. मी म्हटलं, घरीच जेवत जा. म्हणाला, "घरी बसलो तर बंद पडल्यासारखं वाटतं."

वर्गातली निम्मी मुलं त्याच कंपनीतल्या लोकांची. पाच तारखेला वर्गणी आली ती फक्त वीज केंद्राच्या वसाहतीतून. सालवडमधून एकही नाही. माझीही नाही. मी मंडळाची अध्यक्ष, आणि पाच तारखेला माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

मंगलाला तू ओळखतेस. तिचा नवरा वीज केंद्रात, पगार कधी चुकत नाही, आणि नियम तिचा श्वास आहे. ती घरी आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "ऑगस्टची चुकली की ज्ञानेश्वरीची जागा जाते. नियम तूच मांडायला सांगितलास मला."

कैलास म्हणाला, "मंगलाताई, कंपनी बंद आहे हो."

"मला माहीत आहे. पण हंसाच्या घरी बोट बंद होती तेव्हा आपण नियम बदलला नाही. आज हेमांगीच्या घरी कंपनी बंद आहे म्हणून बदलला, तर लोक काय म्हणतील?"

मला तिचा इतका राग आला की मी उठून आत गेले. आत गेल्यावर मात्र कळलं, की तिने जे म्हटलं ते तुझ्या बाजूने म्हटलं.

तू हे वाचून "बघ" म्हणशील. म्हण. पण मी वर्ग बंद करणार नाही आणि शाळेकडेही परत जाणार नाही. नियम बदलायचा आहे, तो सगळ्यांसाठी आणि सगळ्यांसमोर. रविवारी सभा बोलावली आहे. तुम्हा सगळ्यांना निरोप दिलाय. ये.

हेमांगी


४ ऑगस्ट

हंसाताई,

सभेला तू आली नाहीस, पण सासूबाईंना पाठवलंस. त्यांनी तुला सगळं सांगितलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐक.

मी उभी राहून सांगितलं, की या महिन्यात माझी वर्गणी नाही, पुढच्या महिन्यातही नसेल. आजवर मी एवढ्या लोकांसमोर असं काही बोलले नव्हते. खोलीत पीठ उडत होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मग कंपनीतल्या दुसऱ्या एका घरची बाई उठली, तिनेही तेच सांगितलं. मग तिसरी.

मी साखरबाईंना विचारलं, "तुम्ही तांडेलाला उचल कशी देता, ते सांगा." त्यांनी सांगितलं. मंगला कॅलेंडर उलगडून बसली. भांडण झालं, बरंच झालं. वसाहतीतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आमचा पगार नियमित, ही आमची चूक?" त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं. वर्षाची वर्गणी सगळ्यांना सारखीच, कुणाला माफी नाही, कुणाच्या डोक्यावर उपकार नाही. पण कुठल्या महिन्यांत भरणार, ते प्रत्येक घराने आधी सांगायचं. वसाहतवाले ऑगस्टमध्येच अर्ध्या वर्षाचे भरतील, म्हणजे बाईंचा पगार थांबणार नाही. तुम्ही बोटी सुटल्यावर भराल, दिवाळीपासून पुढे. त्याच पैशातून वर्षअखेर निघेल. कंपनीवाल्यांनी काम सुरू झाल्यावर. आणि सगळ्यात आधी, बाईंच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम बाजूला पडेल, तिला पूर्ण सभेच्या परवानगीशिवाय हात नाही. गेटासाठीही नाही. जमाखर्च दर महिन्याला वर्गाच्या भिंतीवर लागेल, येता-जाता कुणीही वाचावा.

जुना नियम मंगलाने स्वतःच्या हाताने खोडला. मग म्हणाली, "तोंडी काही नको. प्रत्येकीने आपले महिने लिहून सही करायची." साखरबाईंनी अंगठा दिला नाही, सही केली. हळूहळू, पण पूर्ण नाव.

पण ताई, हे सगळं तुमच्या हंगामावर उभं आहे. वसाहतीचे पैसे दिवाळीपर्यंत पुरतील. त्यानंतर किनाऱ्याकडून आले नाहीत तर वर्ग बंद. वसाहतवाल्यांनी मला तोंडावर विचारलं, "त्या लोकांची हमी कोण घेणार?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "तू तर तिकडची नाहीस."

म्हणून विचारते. बँकेतली तिसरी जागा अजून रिकामी आहे. खजिनदार हो. मला बरं वाटावं म्हणून नको. तुझ्या सहीशिवाय तुमच्या बायका पैसे देणार नाहीत, आणि तुझ्या सहीशिवाय वसाहतवाले विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून.

हेमांगी


१८ ऑगस्ट

हंसाताई,

नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी धर्मेशची गाडी दाराशी थांबली आणि पोरं उतरतच राहिली. शेवटी दिपेश, आणि त्याच्यामागे तू. ज्ञानू धावत गेली. दिपेशने तिला हातवारे करून काही सांगितलं, दोघं हसत सुटले. काय सांगितलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

मी पुढे झाले. तू माझ्या शेजारून सरळ मंगलाकडे गेलीस.

"मंगला, तिला सांग, मी सही करनार. पन भिंतीवर लावायचा कागद आदी माज्याकडं येल. मी वाचल्याबिगर लागनार नाय."

मंगला माझ्याकडे वळून म्हणाली, "ती म्हणते..." म्हटलं, ऐकू येतंय मला.

मग बँकेतही तसंच. आपण तिघी एका बाकावर, मधे मंगला, आणि तू तिच्याकरवी मला विचारतेस की पॅनकार्डाची झेरॉक्स कुणाकडे आहे. बँकेतल्या माणसाला वाटलं असेल, यांच्यातल्या एकीला ऐकू येत नाही.

ठीक आहे. नको बोलूस. तू आलीस हे माझ्यासाठी पुरेसं आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. पुरेसं नाही. तरी काम चालू दे.

वैभवी टीचरनी वापीला नकार कळवला. भरलेली गाडी बघून त्या आत गेल्या आणि तिथूनच फोन केला.

हेमांगी


१० नोव्हेंबर

हंसाताई,

मी आठवडाभर कैलासबरोबर गुजरातमध्ये दहेजला होते. त्याची कंपनी उघडायची आशा सगळ्यांनीच सोडली आहे. त्याला तिकडे एका कारखान्यात काम मिळालं, त्याच हुद्द्यावर. खोली बघायला मला नेलं. खोली चांगली आहे, हवेशीर. ज्ञानूसाठी मी तिथे चौकशी केली. शाळा आहेत. असा वर्ग नाही. एका बाईंनी मला प्रेमाने समजावलं, "अशी मुलं शिवणकाम छान शिकतात."

तेवढ्यात इकडे काय झालं ते मंगलाने मला स्टेशनवरून घरी येईपर्यंत सांगितलं. ती वाढवून सांगणारी नाही, तरी विश्वास बसेना, म्हणून तुलाच विचारते. खरं का?

ती म्हणाली, चेअरमननी तुम्हा दोघींना बोलावून घेतलं. वर्ग गेल्यापासून शाळेच्या देणग्या आटल्या आहेत, हे आपल्याला कळलं होतंच. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, तुमचे सगळे पैसे परत देतो, खोली देतो, वर दोन पंखे. फक्त खातं पुन्हा शाळेच्या नावाखाली आणा. मंगला म्हणते, ती स्वतः क्षणभर डळमळली, कारण दिवाळीत किनाऱ्याची पहिली वर्गणी यायची होती आणि वादळामुळे बोटी आठवडाभर अडकून पडल्या होत्या.

आणि तू म्हणालीस, "सायेब, पैशे आमचे हायत. द्याचे तर आमच्या खात्यात द्या. खाली नाय येनार आमी."

ते म्हणाले, "हंसाबाई, तुम्हीच तर सांगत होता, शाळेचं छत्र पाहिजे."

"हां, मीच बोलली होती. तवा वाटायचं, आमचं आमाला जमनार नाय. आता चालवून बघितलं. जमतं."

"खात्यात द्यायचे तर संस्थेचा ठराव लागेल."

"मग करा ठराव. आमी थांबतो. आमाला थांबायची सवय हाय."

मंगला म्हणते, तू चहाला हात न लावता उठलीस आणि गेटातून बाहेर पडताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

मी तिथे असते तर काय केलं असतं, ते तुला सांगते, कारण ते लपवून मला झोप लागणार नाही. मी 'हो' म्हटलं असतं. पाच महिने घरात पगार नाही. मंगळसूत्रातल्या वाट्या सोडून सगळं गेलंय. कुणी मला पंखे दाखवले असते तरी मी खुर्चीवर बसून राहिले असते. ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याशी तोडून घेतलं, ती मी सोडली असती आणि तू धरून ठेवलीस.

दहेजहून येताना गाडीत ठरवलं. कैलास एकटा जाईल. मी आणि ज्ञानू इथेच. तो चिडला, मग रडला, मग म्हणाला, "तिने मला परवा 'बाबा' म्हटलं ते याच वर्गामुळे. राहा." सालवडची खोली सोडून लहान बघावी लागेल. मला एका दवाखान्यात नोंदणीचं काम मिळतंय, ते घेते. अध्यक्षपद सोडत नाही. कुणी काढलं तर काढा.

आता खजिनदारांना रीतसर कळवते. माझे महिने बदलून द्यावेत. जुलैपासूनची वर्गणी मी मार्चपासून भरेन. नियमात बसत असेल तर सभेपुढे ठेवा. माझ्यासाठी वेगळं काही नको.

हेमांगी


दांडी
१६ नोव्हेंबर

हेमांगी,

मला तुज्यासारखं लिवता येत नाय. सातवीनंतर एवढं पयल्यांदाच लिवते. चुकलं तर हसू नको.

मंगलाने सांगितलं ते खरं हाय. एक सांगितलं नाय तिने, का मी तिचा हात धरून चालत होती. गेटापातूर कशी आली मलाच ठाव. म्हनून गेटाकडं बघितलं नाय.

तुजा अर्ज सभेत वाचला. साऱ्या बायकांनी हात वर केले. आमच्याकडल्या बायका बोलल्या, आमचे महिने चालतात तर हेमांगीचे पन चालतील. वसाहतीतला तो मानूस पन बोलला, मंजूर. लिवून घेतलंय, मंगलाची सही हाय, माजी हाय. किनाऱ्याची वर्गनी काल बँकेत भरली. सगल्यांची. फक्त दोन घरांचं राहिलंय, त्यांची जाली फाटली वादलात, त्ये पुढल्या महिन्यात देतील, तसं त्यांनी सही करून दिलंय. बायच्या तीन महिन्यांच्या पगाराचे बाजूला पडले. कागद भिंतीवर लागला. आदी मी वाचला.

लहान खोली सालवडला बघू नको. नवापूरला माज्या भावाची खोली रिकामी हाय. भाडं घेनार तो, फुकट नाय सांगत मी, तुला आवडनार नाय. पन जवल हाय. दवाखान्यात तुजी पाली असली का ज्ञानूला माज्याकडं सोड. धर्मेशची गाडी तिथूनच जाते.

आता एक बोलते. एप्रिलमदी मी उठली ना, तवा घरी नाय गेली लगेच. खाली जिन्यात उभी राहिली. वाटलं, तू येशील, निदान हाक मारशील. वरून तुजा आवाज येत होता, तू हात मोजत होतीस. मोजून झाले तरी आली नायस. त्ये तुज्या एका पन कागदात नाय. मतदान, नियम, बँक, सगलं लिवलंस. त्येवढं नाय.

तुजं मत बरोबर होतं त्ये मला आता पटलंय. त्याचा राग नवता कदी.

रविवारी ज्ञानूला घेऊन ये. दिपेशचे बाबा बोलले, मांदेली भरपूर हाय. जेवून झालं का पोरं दर्यावर जातील, सासू झोपेल, मग आपन बसू. तुज्याशी भांडायचं हाय मला, लय दिवसांचं. कागदावर नाय होत त्ये. समोर बस.

हंसा